दीड सेकंदाची नोकरी

लखनौतल्या अमीनाबादच्या गर्दीतून वाट काढत कैसरबागेच्या अंगाने चालत निघालं, तर अर्ध्या तासाच्या आत के. डी. सिंग बाबू स्टेडियम येतं. हे बाबू म्हणजे शेजारच्या बाराबंकीचे कुंवर दिग्विजय सिंग. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघाचे उपकर्णधार, १९५२च्या हेलसिंकीत कर्णधार, आणि दोन्हीकडे सुवर्णपदक. ड्रिब्लिंगचे उस्ताद. लखनौला हॉकी आवडली ती अशी: मनगट लवचीक, पाऊल हलकं, आणि समोरच्याला आपण नेमके कुठे चकलो हे चेंडू निघून गेल्यावर कळावं.

याच शहरात डिसेंबर २०१६ मध्ये ज्युनिअर विश्वचषक भरला, गोमतीनगरातल्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर. उपांत्यपूर्व सामन्यात स्पेनने पूर्वार्धातच गोल केला आणि नंतर बराच वेळ आपल्याला काही सुचू दिलं नाही. सत्तावन्नाव्या मिनिटाला सिमरनजीत सिंगने बरोबरी साधली. मग सत्तर मिनिटांचा सामना संपायला चार-पाच मिनिटं उरली असताना एक पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि हरमनप्रीत सिंग नावाचा वीस वर्षांचा मुलगा डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकाशी वाकून उभा राहिला. पुढे जे झालं त्याला दीडएक सेकंद लागला असेल. चेंडू जाळ्यात, भारत २-१. अंतिम सामन्यात बेल्जियमलाही आपण त्याच फरकाने हरवलं आणि २००१च्या होबार्टनंतर पंधरा वर्षांनी तो चषक पुन्हा हाती आला.

हरमनप्रीतच्या त्या गोलात ना चकवा होता, ना बाबूंच्या वळणाचं काही. जुने शौकीन अशा गोलांची वेगळी मोजणी ठेवतात. मैदानी गोल किती आणि कॉर्नरवरचे किती, असं विचारतात, आणि दुसऱ्या आकड्याला जरा नाक मुरडतात. मला हे नाक मुरडणं कधीच पटलं नाही. मैदानी गोलात खेळाडूला काहीतरी सुचतं आणि ते साधतं. कॉर्नरवर काय होणार हे स्टेडियममधल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असतं, समोरच्या गोलरक्षकालाही, आणि तरी ते करून दाखवायचं असतं.

या जातीच्या माणसाचा सगळ्यात शुद्ध नमुना अमेरिकेत सापडतो. तिकडच्या फुटबॉलमध्ये त्रेपन्न जणांच्या संघात एकजण असा असतो, की जो धावत नाही, कोणाला पाडत नाही, झेलही घेत नाही. तो प्लेसकिकर. सामनाभर कडेला येरझाऱ्या घालतो, एका जाळीत चेंडू मारून पाय गरम ठेवतो. बाकीच्यांची दमछाक होऊन गाडी अडली, की त्याला हाक येते. मग त्याने जमिनीवर टेकवलेला चेंडू लाथेने उडवून दोन खांबांमधून पलीकडे घालायचा. खांबांमधलं अंतर साडेपाच मीटरच्या थोडं वर, आडवी दांडी तीन मीटर उंचीवर. जमलं तर तीन गुण. लगेच पुन्हा कडेला. अ‍ॅडम विनातिएरी नावाच्या किकरने हे काम चोवीस हंगाम केलं, वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षापर्यंत, आणि २,६७३ गुण मिळवले. तिकडच्या व्यावसायिक लीगच्या इतिहासात एवढे गुण दुसऱ्या कोणाच्या नावावर नाहीत. प्रसिद्धी चेंडू फेकणाऱ्यांना आणि घेऊन पळणाऱ्यांना, गुणांचा डोंगर मात्र या कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या नावे!

बारकाईने पाहिलं तर हे काम एकट्याचं नसतंच. एकजण ओणवा होऊन दोन पायांमधून चेंडू सात-आठ यार्ड मागे फेकतो. दुसरा गुडघा टेकून बसलेला असतो. तो चेंडू झेलतो, जमिनीवर टेकवतो, आणि चेंडूची शिवण किकरच्या पायाखाली येऊ नये म्हणून टेकवता टेकवता फिरवतो. तिसरा लाथ मारतो. फेकीपासून लाथेपर्यंतचा सगळा कारभार साधारण १.३ सेकंदांचा. याहून जास्त वेळ लागला तर समोरून झेपावणारे हात आडवे येतात.

आता पुन्हा हॉकीकडे या आणि तीच त्रिमूर्ती ओळखा. गोलखांबापासून दहा मीटर अंतरावर, मागच्या रेषेवरून एकजण चेंडू ढकलतो. तो पुशर. डीच्या बाहेर दुसरा स्टिक आडवी टाकून चेंडू थांबवतो. तो स्टॉपर. त्याच्या बाजूला तिसरा, फ्लिकर. समोर गोलरक्षक धरून पाच बचावपटू रेषेमागे. बाकी सगळा संघ अर्ध्या मैदानापलीकडे. चेंडू हलला रे हलला की त्या पाचांतले रशर जीव खाऊन पळत सुटतात, सरळ फ्लिकरच्या अंगावर. चेंडू साधारण १६० ग्रॅमचा आणि दगडासारखा कठीण. हल्ली हे रशर तोंडाला मुखवटा आणि गुडघ्याला पॅड लावतात, पण पॅड लावलं म्हणून ताशी शंभराहून अधिक किलोमीटरने येणाऱ्या चेंडूसमोर धावत जाण्यातलं धाडस कमी होत नाही.

डीची त्रिज्या १४.६३ मीटर. हिशेब करून बघा. ताशी ११० किलोमीटरच्या वेगाने सुटलेला चेंडू एवढं अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच. गोलरक्षकाने चेंडू स्टिकवरून सुटल्यावर हालचाल सुरू केली तर वरच्या कोपऱ्यातला चेंडू त्याच्या हाती लागणं कठीणच. म्हणून तो आधीच वाचतो. फ्लिकरचा पुढचा पाय कुठे पडला, खांदा किती उघडला, स्टिकचं डोकं कुठल्या कोनात आहे. आणि फ्लिकर ही चिन्हं शेवटच्या क्षणापर्यंत लपवतो.

मुळात फ्लिकरचा हा फटका, म्हणजे ड्रॅग-फ्लिक, आला कुठून? नियमाच्या एका फटीतून. कॉर्नरवरचा पहिला फटका सरळ टोला असेल, तर चेंडूने गोलरेषा ४६० मिलिमीटरच्या आतच ओलांडली पाहिजे, म्हणजे गोलाच्या तळाशी जो लाकडी फळा असतो त्याच्या उंचीत. का, तर रेषेवर माणसं उभी असतात आणि टोला डोक्यावर बसला तर प्राण जायचे. चेंडू टोलवण्याऐवजी ढकलला किंवा उचलून फेकला तर मात्र उंचीचं बंधन नाही. तसा चेंडू फार वेगाने जाणार नाही, असा त्यामागचा हिशेब असावा. खेळाडूंनी तो हिशेब खोटा ठरवला. टोल्याइतका वेग आणि उंचीला मुभा, दोन्ही एकत्र मिळेल अशी हालचाल त्यांनी घडवली. नव्वदच्या दशकात डच खेळाडूंनी ती घासूनपुसून चकचकीत केली, आणि पाकिस्तानच्या सोहेल अब्बासने तिचं साम्राज्य केलं: १९९८ ते २०१२, आंतरराष्ट्रीय गोल ३४८. त्याच्याआधीचा विक्रम डच पॉल लिटयेन्सचा होता, २६७ गोलांचा.

ही हालचाल डोळ्यांसमोर आणायची तर शेतातली गोफण आठवा. ज्वारीच्या मळ्यात पाखरं हाकणारा गोफणीतला खडा सुरुवातीलाच सोडत नाही. जितका वेळ तो दोरीत फिरेल तितका वेग घेईल, आणि सोडायचा तो नेमक्या एका क्षणी. फ्लिकरही चेंडूला मारत नाही. उजवं पाऊल डाव्याच्या मागून आडवं टाकत तो चेंडूपाशी येतो, आणि स्टिक चेंडूला लागते ती पार मागे, उजव्या पायाजवळ. तिथून तो चेंडू ओढायला लागतो. डावा पाय लांब पुढे रोवलेला, गुडघा वाकलेला, धड जवळजवळ जमिनीला समांतर. आधी कंबर फिरते, कंबरेमागे खांदे, खांद्यांमागे हात, सगळ्यात शेवटी मनगट. प्रत्येक सांधा आधीच्या सांध्याचा वेग घेऊन त्यात आपला मिळवतो. तेवढ्यात चेंडू स्टिकच्या दांड्यावरून तिच्या वळलेल्या डोक्याकडे घरंगळत असतो, म्हणजे स्टिकचा वेग वेगळा आणि स्टिकवरून घरंगळण्याचा वेग वेगळा, दोन्हींची बेरीज. चेंडू सुटतो तो डाव्या पायाच्या पुढे. स्टिकला थोडा बाक असेल तर चेंडू तिच्यावर अधिक बसून राहतो. फ्लिकरांनी अधिकाधिक बाकदार स्टिका वापरायला घेतल्या तेव्हा आंतरराष्ट्रीय महासंघाला मर्यादा घालावी लागली. आता बाक २५ मिलिमीटरच्या वर चालत नाही.

अशा हालचालीचं बिल शरीर भरतं. कंबरेचा खालचा भाग आणि पुढे रोवलेल्या पायाचा खुबा ही फ्लिकरांची दुखरी ठाणी. म्हणून सरावात फ्लिक मोजून मारतात. गोलंदाजाची षटकं मोजावीत तसंच हे.

अमेरिकेतही क्रांती नियम आणि शरीर यांच्या अशाच फटीतून आली. पूर्वी तिकडे किकर सरळ रेषेत धावत येऊन बुटाच्या टोकाने चेंडू उडवत. १९५६च्या उठावानंतर हंगेरी सोडून आलेल्या कुटुंबातला पीट गोगोलाक १९६४ मध्ये बफेलो बिल्स संघात आला आणि तिरका धावत येऊन पायाच्या आतल्या अंगाने लाथ मारू लागला, म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्यातल्यासारखी. आधी लोकांना गंमत वाटली. मग लक्षात आलं, की टोकापेक्षा पायाचा हा भाग रुंद आहे, आणि तिरक्या धावेत कंबर फिरवायला जागा मिळते. आज टोकाने मारणारा किकर तिकडे औषधालाही सापडत नाही. कंबर फिरवायला जागा मिळाली की चेंडू लांब जातो, हे दोन खेळांनी एकमेकांना न विचारता शोधून काढलं.

टोकाने मारणाऱ्यांच्या पिढीतला एक माणूस मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. टॉम डेम्प्सीच्या उजव्या पायाला जन्मतः बोटं नव्हती, उजव्या हातालाही नव्हती. त्या पायासाठी त्याने पुढून सपाट असलेला बूट करून घेतला होता. ८ नोव्हेंबर १९७० रोजी न्यू ऑर्लीन्समध्ये सामना संपायला दोन सेकंद असताना त्याने ६३ यार्डांवरून, म्हणजे जवळजवळ अठ्ठावन्न मीटरवरून चेंडू खांबांमधून घातला आणि डेट्रॉइटला १९-१७ असं हरवलं. त्या अंतराशी पुढे काहीजणांनी बरोबरी केली, पण ते मागे टाकायला २०१३ साल उजाडावं लागलं. सपाट बुटाचा त्याला फायदा होतो अशी कुरकुर झाली आणि १९७७ मध्ये लीगने नियम केला, की अशा पायावरच्या बुटाचा पुढचा भागही नेहमीच्या बुटासारखाच असला पाहिजे. आधी वाटतं बिचाऱ्याच्या पायाला बोटं नाहीत, आणि चेंडू पलीकडे गेला की वाटतं त्याला जास्तीचं काहीतरी मिळालंय.

अमीनाबादला हे नवं नाही. तिथल्या ज्या टुंडे कबाबीसमोर रोज संध्याकाळी झुंबड उडते, त्या नावाचे मूळ पुरुष हाजी मुराद अली एका हाताचे होते. पतंग उडवताना छतावरून पडून हात गेला, असं सांगतात. १९०५ मध्ये चौकात त्यांचं दुकान सुरू झालं, आणि दात नसलेल्या नवाबालाही खाता यावा असा मऊ गलावटी कबाब हा त्यांचा हातखंडा. एकच पदार्थ घ्यायचा आणि आयुष्यभर तोच करत राहायचा, ही कल्पना लखनौला कोणी शिकवायची गरज नाही. हॉकीच्या बाबतीतच तिला एवढं वावडं का, कळत नाही.

भारतीय हॉकीत तर या जातीची परंपरा ड्रॅग-फ्लिकच्याही आधीची आहे. मार्च १९७५, क्वालालंपूर, विश्वचषकाची उपांत्य लढत. यजमान मलेशिया २-१ ने पुढे आणि घड्याळ संपत आलेलं. भारताने राखीव बाकावरून भोपाळच्या अस्लम शेर खानला मायकेल किंडोच्या जागी उतरवलं. कॉर्नर मिळाला. अस्लमने गळ्यातल्या ताविजाचं चुंबन घेतलं आणि पासष्टाव्या मिनिटाला टोला हाणला. २-२. जादा वेळेत हरचरण सिंगने तिसरा गोल केला. अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध आपण दोन गोल केले. त्यातला अशोककुमारचा गोल सगळ्यांना आठवतो, कारण तो ध्यानचंदांचा मुलगा. पहिला गोल सुरजीत सिंगचा होता, आणि तो कॉर्नरवरचा होता. भारताने हॉकीचा विश्वचषक एकदाच जिंकलाय, आणि त्यात उपांत्य सामना वाचवणारा आणि अंतिम सामन्यात बरोबरी करून देणारा, असे दोन्ही गोल नाक मुरडण्याच्या यादीतले आहेत. अस्लम पुढे मध्य प्रदेशातल्या बैतूलमधून खासदार झाले.

या नोकरीत नशीबही एका झटक्यात फिरतं. सप्टेंबर २००३ मध्ये भारताचा उमदा फ्लिकर जुगराज सिंग मोटार अपघातात सापडला आणि विशीतच त्याची कारकीर्द संपल्यासारखी झाली. त्याच्या मागून आलेला संदीप सिंग २२ ऑगस्ट २००६ रोजी कालका-दिल्ली शताब्दीने संघात दाखल व्हायला निघाला होता. डब्यातल्या एका सुरक्षा कर्मचाऱ्याच्या बंदुकीतून चुकून गोळी सुटली आणि त्याच्या पाठीच्या कण्याजवळ घुसली. ज्याचं सगळं भांडवल कंबरेच्या फिरकीत, त्याच्या नेमक्या त्या जागी. काही काळ तो चाकाच्या खुर्चीत होता. २००८ मध्ये तो पुन्हा खेळायला लागला, २००९ मध्ये कर्णधार म्हणून अझलन शाह चषक जिंकला, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये दिल्लीत ऑलिंपिक पात्रतेच्या अंतिम सामन्यात फ्रान्सविरुद्धच्या आठ गोलांपैकी पाच त्याचे होते. चारच वर्षांपूर्वी आपण बीजिंग ऑलिंपिकला पात्रच ठरलो नव्हतो.

हुकणाऱ्यांची गोष्ट वेगळी. २७ जानेवारी १९९१ ला बफेलोच्या स्कॉट नॉरवुडची ४७ यार्डांवरची लाथ खांबाच्या उजवीकडून बाहेर गेली आणि त्याचा संघ अंतिम सामना २०-१९ असा हरला. संघ परतला तेव्हा स्वागताला जमलेल्या गर्दीने नॉरवुडचंच नाव घेऊन ओरडा सुरू केला, शिव्यांसाठी नव्हे, त्याला पुढे बोलावण्यासाठी. माझ्या मते तो बफेलोचा सगळ्यात देखणा खेळ होता.

पलीकडच्या बाजूचे लोक तर यादीतही येत नाहीत. टोकियो ऑलिंपिकच्या कांस्यपदकाच्या सामन्यात, ५ ऑगस्ट २०२१ ला, भारत ५-४ ने पुढे होता आणि घड्याळात ६.८ सेकंद उरले असताना जर्मनीला कॉर्नर मिळाला. गोलरक्षक श्रीजेशने तो अडवला म्हणून एक्केचाळीस वर्षांनी हॉकीत पदक आलं. त्या क्षणी श्रीजेशच्या पुढे चेंडूच्या रोखाने धावत सुटलेल्यांची नावं किती जणांना सांगता येतील? गोलाच्या पुढे नाव लागतं ते फ्लिकरचं. पुशरचा चेंडू हातभर इकडे पडला किंवा स्टॉपरच्या स्टिकवरून तो टणकन उडाला, तर जगातला सर्वोत्तम फ्लिकरही नुसता वाकलेला माणूस असतो.

लखनौतला तो वीस वर्षांचा मुलगा पुढे काय झाला ते ठाऊक आहेच. अमृतसर जिल्ह्यातल्या तिम्मोवालचा हरमनप्रीत लहानपणी वडिलांचा ट्रॅक्टर चालवायचा, आणि त्या ट्रॅक्टरचा गिअर इतका जड होता की त्यानेच मनगटं आणि दंड तयार झाले, असं तो सांगतो. हॉकी शिकायला तो जालंधरच्या सुरजीत अकादमीत गेला. हे सुरजीत म्हणजे १९७५च्या अंतिम सामन्यात कॉर्नरवर गोल करणारेच. पॅरिस ऑलिंपिकमध्ये, २०२४ साली, भारताने एकूण पंधरा गोल केले. त्यातले दहा कर्णधार हरमनप्रीतचे: सात पेनल्टी कॉर्नरवर, तीन पेनल्टी स्ट्रोकवर, मैदानी एकही नाही. कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेन पुन्हा समोर होता, पुन्हा आधी गोल त्यांचाच होता, आणि २-१ करणारे दोन्ही गोल हरमनप्रीतचे कॉर्नरवरचे.

त्यानंतर सहा आठवडेही झाले नव्हते. १७ सप्टेंबर २०२४, चीनमधलं हुलुनबुइर, आशियाई चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना. समोर चीनचा संघ, आणि या दिवशी कॉर्नर काही लागेनात. तीन सत्रं ०-०. एकावन्नाव्या मिनिटाला हरमनप्रीत स्वतःच चेंडू घेऊन डीमध्ये घुसला, बचावातून वाट काढली आणि पास दिला तो जुगराज सिंगला. हा जुगराज धाकटा, अपघातातला तो नव्हे. पण हाही बचावपटू आणि हाही ड्रॅग-फ्लिकर. त्याने चेंडू आत घातला आणि भारत १-० ने जिंकला. दोन फ्लिकरांनी मिळून केलेला मैदानी गोल.